दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे युसूफ इनामदार सर एकेकाळी कॅम्पातल्या हॉटेलांत इंग्रजी रॉक अँड रोल गात असत, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पांढरा शर्ट, राखाडी पँट, खिशात छोटा कंगवा आणि खडूचा तुकडा बोटांत धरवेनासा झाला की तो कागदाच्या नळीत खोचून पार संपवायचा, असा हा माणूस. वर्गात आवाज कधी चढत नसे. आमची शाळा नारायण पेठेत, मी मराठीची. एखाद्या दिवशी माझ्या फळ्यावर घाईत वेलांटी चुकलेली असली तर सर वर्गावरून जाता जाता आत यायचे, बोटाने पुसून ती दुरुस्त करायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमच्या खात्यात ढवळाढवळ केली, माफ करा." माफी मागितल्याचा भाव मात्र चेहऱ्यावर नावालाही नसे.

"किती?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की सर विचारणार, "किती?" मुख्याध्यापक म्हणाले, मुलं पूर्वीपेक्षा बिघडली आहेत, की सर शांतपणे, "किती?" मोजता येत नाही ते बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग यायचा, खरं सांगते. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे.

त्यांचं बिंग फुटलं ते एका पालकामुळे. लष्करातले एक मोठे अधिकारी मुलाच्या मार्कांची तक्रार घेऊन आले होते. शिक्षकखोलीत शिरले, सरांकडे पाहिलं, आणि मिशीतून एकदम हसू फुटलं. "अरे, जो! तू जो ना?" असं म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी चुटक्या वाजवायला सुरुवात केली. बूटही ठेका धरू लागले. आम्ही सगळे वह्या तपासायचं थांबलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, आपल्या चिरंजीवांना शंभरांपैकी तेरा मार्क आहेत. नाचण्यासारखं काही झालेलं नाही."

अधिकारी गेल्यावर मी न राहवून विचारलं. आधी त्यांनी टोलवाटोलवी केली. मग हळूहळू, मधल्या सुट्टीतल्या चहाबरोबर थोडं थोडं, असं ते मला कळत गेलं.

सरांचं घराणं भवानी पेठेतलं, तीन पिढ्या पुण्यात. वडिलांचं कातडी सामानाचं छोटं दुकान. कॉलेजात असताना यांना गाण्याचं वेड लागलं. कॅम्पातल्या एका हॉटेलात रविवारी सकाळी गाणं-नाच चालायचा, तिथे हे गिटार घेऊन उभे राहू लागले. नाव घेतलं 'जो'. त्यांच्याबरोबर गिटार वाजवायला आणि मागून साथीला गायला होता दिगंबर चव्हाण. हा धायरीचा. तेव्हा धायरी म्हणजे खरोखरीचं गाव, मळे, ज्वारी आणि मातीचा रस्ता. दिगू सायकलवर दुधाचे कॅन लावून पुण्यात यायचा, दूध घालून कॉलेजला जायचा आणि रविवारी तेच कॅन हॉटेलच्या मागच्या दाराशी ठेवून रॉक अँड रोल गायचा.

"इंग्रजी यायचं त्याला?" मी विचारलं.

"गुड मॉर्निंगच्या पुढे नाही. मी गाणी देवनागरीत लिहून द्यायचो, तो वही समोर ठेवून गायचा. एकदा मला विचारलं, 'युसूफ, ह्यात ती पोरगी जाती का येती?' म्हटलं, जाते. म्हणाला, 'मग जरा रडून गातो.' आणि बाई, काय गायला!"

हे सांगताना सरांचा चेहरा मी प्रथमच इतका मोकळा पाहिला. मोजायचं वगैरे सगळं विसरून गेले होते.

मुंबईच्या एका कंपनीने त्यांच्या तीन छोट्या तबकड्या काढल्या. प्रत्येकीत चार, म्हणजे एकूण बारा गाणी. अकरा सरांची. शेवटच्या गाण्याच्या दिवशी सरांचा घसा बसला. स्टुडिओची वेळ ठरलेली, परत फिरणं शक्य नव्हतं. म्हणून ते एक गाणं दिगू गायला. एकदाच गायला आणि पहिल्याच फटक्यात झालं. कंपनीच्या माणसाने विचारलं, नाव काय घालायचं? दिगू म्हणाला, "जोच घाला. नाव कुनाचंबी असू दे, गळा माझा हाय ना?" सगळे हसले. तबकडी छापून आली तेव्हा दिगू नव्हता. कावीळ झाली, गावात झाडपाला चालला होता, आणि इस्पितळात आणेपर्यंत उशीर झाला. चोवीस वर्षांचा होता.

त्यानंतर सर गायले नाहीत. बी.एड. केलं आणि खडू हातात घेतला. मात्र दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते धायरीला जायचे, दिगूच्या आईकडे. घरात म्हातारी एकटीच. धाकटी मुलगी सुमन लग्न होऊन वारज्याला गेलेली. पूर्वी त्या घरात सरांना वेगळ्या कपात चहा मिळायचा, हेही त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना आवाजात कडवटपणा नव्हता. "दिगू गेल्यावर तो कप कुठे गेला कोण जाणे. मग मी त्यांच्याच ताटलीत भाकरी खाऊ लागलो." म्हातारी त्यांना चांगलीच रागवायची. लग्न का करत न्हाईस, वाळला किती, केस का वाढवलेस. सोमवारी शाळेत येऊन सर ती बोलणी आम्हाला जशीच्या तशी ऐकवायचे. माणूस बढतीची बातमी सांगतो तशी.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून झाली नव्हती. त्यांनी ते गाणं आईला कधी ऐकवलं नव्हतं. वीस वर्षं. तबकडी कपाटात होती, तिच्यावर 'जो' एवढंच लिहिलेलं. "मेलेल्या पोराचा आवाज आईसमोर लावायचा म्हणजे... नाही झालं धाडस," ते म्हणाले.

मग कॅसेटचे दिवस आले, आणि त्या मुंबईच्या कंपनीला जुन्या गायकांची आठवण झाली. 'बेस्ट ऑफ जो' अशी कॅसेट काढायची ठरली. बारा गाणी, दोन बाजू, सहा-सहा. सरांना पत्र आलं, सोबत एक फॉर्म. वर गाण्यांची यादी आणि खाली वाक्य: ही सर्व गाणी मी स्वतः गायलेली आहेत. त्याखाली सही.

सरांनी शाळेच्या ऑफिसातून फोन लावला. मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते. पलीकडचा माणूस म्हणाला, संच एकाच गायकाचा आहे, एखादं गाणं दुसऱ्याचं असेल तर सांगा, काढून टाकू, अकरा ठेवू. सर "बघतो" म्हणाले आणि रिसीव्हर ठेवून माझ्याकडे वळले. "बाई, खरं सांगितलं तर दिगूचा आवाज जातो. खोटं सांगितलं तर नाव जातं. तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "सही करून टाका. आवाज महत्त्वाचा. नावाचं मागाहून सांगता येईल."

तो सल्ला माझा होता. त्यांनी तो कधी माझ्या तोंडावर मारला नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवते आहे.

त्यांनी सही केली. दिवाळीच्या सुट्टीत टेपरेकॉर्डर घेऊन धायरीला जायचं, आईला समोर बसवायचं, आधी सगळं सांगायचं आणि मग ऐकवायचं, असं त्यांनी ठरवलं. काय बोलायचं त्याची चार वाक्यंसुद्धा तयार केली होती. मला म्हणून दाखवली. मी त्यातला एक शब्द बदलला.

कॅसेट दिवाळीच्या आधीच दुकानांत आली. एका इंग्रजी पेपरात तिच्यावर दोन परिच्छेदही छापून आले. लिहिणाऱ्याला अकरा गाणी बरी वाटली होती. दुसऱ्या बाजूच्या चौथ्या गाण्याबद्दल मात्र त्याने लिहिलं होतं, की त्यात मध्येच जी उंच आरोळी येते ती थेट अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांतून आल्यासारखी आहे. सरांनी ते कात्रण सगळ्या शिक्षकखोलीत फिरवलं. मला हळूच म्हणाले, "बघा, अकरा माझी आणि कौतुक त्याचं!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तीन दिवस त्यांनी कुणालाही "किती?" विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सुमनचा फोन आला. युसूफदादाची कॅसेट निघाली म्हणून तिने कौतुकाने ती विकत घेतली होती आणि टेपरेकॉर्डरसकट माहेरी नेली होती. आई दारात शेंगा फोडत बसलेली. पहिली बाजू संपली, दुसरी लागली, चौथं गाणं सुरू झालं आणि आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ह्यो दिगू हाय," ती म्हणाली. सुमन म्हणाली, अगं नाही, सगळी युसूफदादाचीच आहेत, इथे तसं छापलंय. आई पुन्हा म्हणाली, "दिगू हाय." मग सुमनने ते गाणं परत लावलं. परत लावलं. आणि मग फोन करायला ती पोस्टात गेली.

फोन ठेवून सर शिक्षकखोलीत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "बाई, तुम्ही चला बरोबर," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही बसने धायरीला गेलो. म्हातारी ओसरीत बसली होती. लुगड्याचा पदर डोक्यावर, पाय पसरलेले. उठली नाही, बसाही म्हणाली नाही. सुमन दाराला टेकून उभी होती. सरांनी ती तयार केलेली चार वाक्यं बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्यावरच अडखळले.

"गा," म्हातारी म्हणाली.

"आई?"

"तुझं नाव हाय ना त्येच्यावर? मग गा म्हंजी. ऐकू दे."

मला वाटलं सर माफी मागतील, पाय धरतील. त्यांनी खरंच गायला सुरुवात केली. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, खडूच्या धुळीने घसा खाल्लेला, धायरीच्या ओसरीत सकाळच्या उन्हात उभा राहून इंग्रजी गाणं म्हणत होता. शेजारची दोन माणसं बांधावरून बघत थांबली. सर त्या आरोळीपर्यंत पोचले आणि आवाज चिरकला. परत प्रयत्न केला. परत चिरकला. ते थांबले.

"त्यो तितं वर जायचा," म्हातारी म्हणाली. "वरच्या मळ्यातनं बापाला जेवायला हाक मारायचा, तशीच हाय ती. रोज ऐकलीय म्या. साऱ्या गावानं ऐकलीय." मग तिचा आवाज खाली आला. "युसूफ, गळा त्येचा तू ठिवलास, त्ये बरं केलंस. पर नाव का काढलंस रं? एक पोरगं व्हतं मला. त्येचं कुटं काय न्हाई. ना शेत त्येच्या नावावं, ना ल्योक. येवढं एक गानं, तितंबी न्हाई."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की चूक माझीही आहे, पण मी ते सांगितलं नाही.

"नाव छापून आन," ती म्हणाली, "मंग ह्या घरात ये." आणि उठून आत गेली.

सरांनी कंपनीला नऊ पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की आपली सही आमच्याकडे आहे. मुंबईला दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला कचेरीच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी होती.

मग एका दुपारी ते माझ्यापुढे वही घेऊन बसले. "बाई, पुस्तकात चूक राहिली की काय करतात?"

"शुद्धिपत्र लावतात."

"मग मला एक लिहून द्या."

मी लिहून दिलं. शुद्धिपत्र. बाजू दुसरी, गाणे चौथे. गायक : कै. दिगंबर महादू चव्हाण, धायरी. पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून त्यांनी बोटाएवढ्या पाचशे चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि शाळा सुटली की डिंकाची बाटली पिशवीत घालून पुण्यातली कॅसेटची दुकानं पालथी घालू लागले. लक्ष्मी रोड, कॅम्प, डेक्कन. 'बेस्ट ऑफ जो' आहे का विचारायचे, आणि असली की प्लास्टिक काढून आत चिठ्ठी लावायची परवानगी मागायचे. दुकानदार पुण्यातलेच. "सर, हे कॅसेटचं दुकान आहे, शाळा नाही." सर म्हणायचे, "म्हणूनच आलो. शाळेत एवढ्या चुका होत नाहीत." एकाने हाकलून दिलं. एकाने सांगितलं, फोडलेली कॅसेट कोण घेणार, घरी जाऊन गप्प पडा. कॅम्पातला एक म्हातारा बोहरी मात्र स्वतः कात्री घेऊन बसला आणि त्याच्याकडच्या सहाच्या सहा कॅसेटमध्ये सरांनी चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे आणले होते. कशाचे, हे फक्त मला ठाऊक होतं.

त्यातली एक कॅसेट घेऊन ते धायरीला गेले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. सुमनने चिठ्ठी वाचून दाखवली. म्हातारीने कॅसेट हातात घेतली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, कडेला नखाने जरा उचकटून पाहिलं. "ह्ये चिकटिवल्यालं हाय," ती म्हणाली. "निगंल. म्या छापून आन म्हनलं." पण कॅसेट तिने परत दिली नाही. सर उंबऱ्यावरूनच परतले.

मी म्हणाले, हट्ट आहे म्हातारीचा. सर म्हणाले, "हट्ट नाही बाई. बरोबर आहे त्यांचं. चिकटवलेलं निघतंच."

त्यानंतर नऊ वर्षं ते त्या घरी गेले नाहीत. दर पहिल्या रविवारी वारज्याला सुमनकडे जाऊन आईची खुशाली विचारायचे. चिठ्ठ्या लावणं मात्र चालू राहिलं. पाचशे संपल्यावर आणखी पाचशे छापल्या. कॅसेट दुकानांतून दिसेनाशी झाली तेव्हा ते रद्दीवाल्यांकडे शोधू लागले. एकदा मी चिडून विचारलं, "सर, आतापर्यंत किती झाल्या?" ते हसले आणि म्हणाले, "मोजल्या नाहीत."

मग एका सकाळी, शाळेत प्रार्थना चालू असताना, दिगूची आई गेल्याचा निरोप आला.

आम्ही रिक्षा करून धायरीला पोचलो. गाव ओळखू येईना. मळ्यांच्या जागी इमारती, दारापुढून सिमेंटचे ट्रक जात होते. सर रस्त्याच्या पलीकडे एका दुकानाच्या पायरीपाशीच थांबले.

"चला की आत," मी म्हटलं.

"मी इथेच बरा आहे."

"सर, त्या गेल्या. आता कोण अडवणार आहे तुम्हाला?"

"त्यांनी सांगितलं होतं, छापून आण. मी आणलेलं नाही."

मी एकटीच आत बायकांत जाऊन बसले. थोड्या वेळाने पुरुषांनी तिरडी उचलली. खिडकीतून मला दिसलं, तिरडी समोरून गेली तेव्हा सरांनी हात जोडले आणि मान खाली घातली. सुमनचा नवरा त्यांना हाताने बोलावत होता. ते जागचे हलले नाहीत. माणसं ओढ्याकडच्या वाटेला लागली.

तेवढ्यात सुमन मला शोधत आली. हातात कॅसेट होती. "बाई, दादा कुठंय? आईला नवं लुगडं नेसवायला पेटी उघडली, तर तळाशी ही सापडली. मी आजच बघतेय." तिने डबी उघडून दाखवली. आतली चिठ्ठी कधीतरी सुटली असणार. ती परत लावलेली होती. डिंकाने नव्हे, भाताच्या शितांनी. शितं वाळून चिठ्ठीच्या कडांना टणक चिकटली होती, एका कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा होता. त्या घरात म्हातारीशिवाय दुसरं कुणी राहत नव्हतं.

आम्ही दोघी रस्ता ओलांडून गेलो. सुमनने डबी सरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"थोडी तिरकी लागलीय," ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला की मी दुसरीकडे पाहिलं.

परत पाहिलं तेव्हा ते रस्त्यावर उतरले होते. कधी घाईने न चालणारे आमचे इनामदार सर, ट्रकांच्या धुळीतून, कॅसेट छातीशी धरून ओढ्याच्या दिशेने धावत होते. एक चप्पल मागे राहिली होती. "थांबा," असं काहीतरी ते ओरडत होते, पण आवाज लांब जात नव्हता. पुढची माणसं वळणापलीकडे गेलेली होती. निवृत्तीआधीचा तो माझा शाळेतला शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी मी मुलीकडे नाशिकला गेले आणि दोन वर्षांनी सर गेल्याचं पत्राने कळलं. मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. ते पोचले तेव्हा चिता पेटलेली होती, असं सुमनने मला नंतर सांगितलं.